नापास काचांचं घर

काकूंच्या वाढदिवसाला या वेळी सगळ्यांनी मिळून जायचं, असं आईने जाहीर केलं तेव्हाच चिमणीला कळलं की यंदा मागायचं आहे. एरवी काकूंकडे ती एकटीच जायची. दर गुरुवारी दुपारी, दोन वेण्या होत्या तेव्हापासून. आता वेण्या गेल्या होत्या, चष्मा आला होता, केसांत एखादी चंदेरी तार दिसू लागली होती; गुरुवार मात्र तोच होता.

गाडी दादा चालवत होता. शेजारी आई, मागे वहिनी आणि चिमणी. दुपार नुकती कलली होती आणि रस्ता अर्धवट झोपेत असल्यासारखा पडून होता. गाडीत आईची नेहमीची उजळणी चालू होती. आवाजघराच्या कोणत्याही मोठ्या देणगीदाराकडे जाण्याआधी ती व्हायचीच. बाबा होते तेव्हा ते घ्यायचे, आता आई घेते.

"आधी गुडघ्याचं विचारायचं. डाव्या. मांजराचा विषय काढायचा नाही, ते गेलं."

"कधी?" दादाने विचारलं.

"मागच्या महिन्यात. चिमणीने जेवताना सांगितलं होतं. तू फोनमध्ये डोकं घालून बसला होतास."

"मी आपला पत्रा गळतोय त्याचं बघत होतो."

"पत्र्याचं आता कशाला बघायचंय? पावसाळ्याच्या आत मालक सगळी इमारतच पाडणार आहे."

बाबांनी आवाजघर काढलं ते भाड्याच्या जागेत, आणि इतकी वर्षं ते तिथेच नांदलं. डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसांसाठी तिथे पुस्तकं वाचून आवाजात साठवायची. भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या छोट्या छोट्या खोल्या; आत शिरलं की आपलाच श्वास आपल्याला मोठा ऐकू येतो. आता मालकाची नोटीस आली होती. स्वतःची जागा मिळाली नाही तर आवाजघर म्हणजे कपाटात भरून ठेवलेल्या ध्वनिफिती, बस. आणि बाबांनंतर त्या गोधड्यांच्या खोल्यांत सगळ्यात जास्त पैसा काकूंचाच लागला होता.

"कामाचं चहा झाल्यावर काढायचं," आई म्हणाली. "बोलेल चिमणी. आणि बोलून झालं की मूग गिळून बसायचं. सगळ्यांनी."

हा बाबांचा नियम. मागताना स्पष्ट मागायचं, आणि मग पुढचा शब्द देणाऱ्याचा. आपण मध्ये तोंड उघडलं की आपणच आपली मागणी अर्धी करतो, असं ते म्हणायचे. जन्मभर आवाजाचं काम केलेल्या माणसाने घरच्यांना शिकवली ती गप्प राहण्याची कला.

"मी नाही मागणार," चिमणी म्हणाली.

आईने मान वळवली. "मग कोण मागणार? तुझ्याइतका त्यांचा जीव दुसऱ्या कोणावर आहे?"

"म्हणूनच."

"म्हणूनच काय?" दादा आरशातून तिच्याकडे बघत म्हणाला. "इतकी वर्षं जातेयस. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काय अर्थ आहे?"

"मी ताकाला जात नव्हते, दादा. मी काकूंकडे जात होते."

हे बोलताना तिचा आवाज थोडा हलला. ते फक्त वहिनीला ऐकू आलं. वहिनी आवाजघरातली यंत्रं सांभाळायची. वाचणाऱ्यांचे खोकले, ओठांची मचमच, मध्येच आलेले उसासे ती दिवसभर शोधून कापत असे, त्यामुळे माणसं शब्दांआधी काय बोलतात ते तिला आपोआप कळायचं. तिने चिमणीच्या हातावर हात ठेवला आणि खिडकीबाहेर पाहू लागली. तिला एक वेगळीच काळजी होती. दादाने जागा मिळण्याआधीच नव्या इमारतीसाठी काचेची पाटी करायला टाकली होती, काकांच्या नावाची. "काकूंना एकदम दाखवू, विरघळतील," असं तो म्हणाला होता. बाजारात तुरी, असं वहिनीच्या ओठांवर आलं होतं, पण त्याचा उत्साह पाहून तिने ते गिळलं. कुठे टाकलीस, एवढंही विचारायचं राहून गेलं. चांगल्या ठिकाणी, असं तो आपणहून म्हणाला होता.

*

काकूंचं घर बाहेरून चारचौघांसारखं होतं. आत गेल्यावर मात्र नव्या माणसाचं पाऊल जरा अडखळायचं. काकांचा काचेचा कारखाना होता; ते गेल्यावर तो काकूंकडे आला. दाराच्या काचा, दिव्यांची झाकणं, रंगीत तावदानं तिथे व्हायची. ज्या काचेत बुडबुडा राहिला, रेघ उमटली, रंग वाहावला, ती काका नापास करायचे आणि मग घरी आणून आपल्याच खिडक्यांना बसवायचे. वर्षानुवर्षं हेच चाललं. शेवटी घरात एकही काच धड नव्हती, आणि त्या सगळ्या काचांमधून येणारा उजेड पाण्याच्या तळाशी बसल्यासारखा हलत राहायचा. हिरवा, पिवळा, कुठे फिकट जांभळा. भिंती सावकाश श्वास घेतायत असं वाटायचं.

लहानपणी चिमणी त्या दिवाणखान्यात जमिनीवर उताणी पडायची. हात वर धरायची. बोटांवर हिरवं आलं की काका आरामखुर्चीतून विचारायचे, "सांग, कुठल्या खिडकीतलं?" ती चुकली की म्हणायचे, "नापास. आता तुला इथेच ठेवून घेतो." काकू आतून ओरडायच्या, "ठेवा खरंच, मला हवीच आहे." मग ती घरी जायची, आणि दारातच आई विचारायची, "काय म्हणाल्या?"

बाकीच्या मुलांना कोणाकडून आल्यावर त्यांच्या आया विचारत, मजा आली का. चिमणीच्या घरी विचारायचे, काय म्हणाल्या. मग ती आठवून आठवून सगळं सांगायची. काकूंचा भाऊ आजारी आहे. काकांना नवी भट्टी घ्यायची आहे. या वर्षी कारखान्याला बरे दिवस आहेत. आई ऐकून घ्यायची, बाबा मान हलवायचे, आणि सांगून झाल्यावर चिमणीला दर वेळी वाटायचं की तिथून आणलेलं काहीतरी आपल्याकडे उरलेलं नाही.

"आलात का सगळे?" काकूंनी स्वतःच दार उघडलं. त्या आता खूप लहान झाल्या होत्या, खांद्यांवर शाल होती आणि चष्म्याच्या जाड काचांमागे डोळे मोठे दिसत होते. "या. आज घर भरलं."

"गुडघा कसा आहे, ताई?" आईने विचारलं.

"आहे जागच्या जागी. मांजराचं विचारलं नाहीत?"

आई गडबडली. काकू हसल्या. "अहो, विचारा की. मेलेल्याचं विचारलं तर वाईट वाटतं असं कोणी सांगितलं? मला तर कोणी विचारतच नाही म्हणून वाईट वाटतं."

मग त्यांनी मांजराचं सगळं सांगितलं. ते कसं जांभळ्या उजेडातच झोपायचं, उजेड सरकला की डोळे न उघडताच तेही सरकायचं. दादा हसला. वहिनीही हसली. केक कापला. चहा झाला. काकू एकेकाच्या कपात स्वतः साखर घालत होत्या आणि कोणाला किती हे त्यांना न विचारता आठवत होतं. आईच्या लक्षात आलं, की आपण गाडीत ज्याची उजळणी घेतो ते ही बाई कसलीही उजळणी न करता करते.

आईला त्या उजेडात क्षणभर फार थकल्यासारखं वाटलं. पोरीला आपणच पाठवलं होतं. पहिल्या गुरुवारी केस विंचरून, नवा फ्रॉक घालून, 'शहाण्यासारखी वाग' असं सांगून. तेव्हा गोधड्यांच्या खोल्यांचं भाडं थकलं होतं आणि काचवाल्यांना मूल नाही, हे तिला कुठूनसं कळलं होतं. याहून जास्त विचार तिने केला नव्हता. दुसरीकडे एक म्हातारे गृहस्थ आठवड्यातून एकदा आवाजघरात फोन करायचे आणि विचारायचे, पुढचं प्रकरण झालं का हो वाचून? त्यांना नाही म्हणायची तिची छाती नव्हती. अजूनही नव्हती. तिने कप खाली ठेवला आणि हलकेच खाकरली.

ती खूण होती.

चिमणी काकूंसमोर बसली होती. तिच्या मांडीवर पिवळ्या उजेडाचा तुकडा पडला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. मागायचं नव्हतं. पण तिच्याही डोळ्यांपुढे त्या खोल्या आल्या. बाबांचा आवाज अजून तिथे होता. त्यांनी वाचलेली पुस्तकं लोक अजून मागून नेत होते, आणि कधीकधी काम संपल्यावर ती एकटी बसून त्यांचं एखादं पान ऐकायची.

"काकू," ती म्हणाली, "आवाजघराची जागा जातेय. आम्हाला स्वतःची जागा हवी आहे. तुम्ही घेऊन द्याल का?"

आणि मग सगळे गप्प बसले.

काकूही गप्प बसल्या. वहिनीने कान दिला. आईचा श्वास वर, छातीत अडकलेला. दादाचा पाय हलतोय, बुटाच्या नाडीचं टोक खुर्चीच्या पायावर टिकटिक वाजतंय. चिमणीचा श्वासच ऐकू येत नाहीये. आणि काकूंचा मात्र सावकाश, झोपलेल्या माणसासारखा. उजेड चिमणीच्या मांडीवरून घसरून जमिनीवर उतरला आणि हिरव्यात मिसळला. बाहेर कोणाची तरी सायकल गेली. या शांततेतलं वहिनीने काहीही कापलं नसतं. इतकी भरलेली शांतता तिने पूर्वी कधी ऐकली नव्हती.

काकूंनाही हा नियम पाठ आहे, हे त्या घरात फक्त काकूंना ठाऊक होतं. काकाही भाव सांगून झाला की असेच गप्प बसायचे.

शेवटी दादाचा धीर सुटला. "काकू, इमारतीला नाव काकांचंच असेल. दारावर मोठी—"

"पाटी लागेल," काकू म्हणाल्या. "पाहिली मी."

त्या उठल्या, कोचामागे वाकल्या आणि कापडात गुंडाळलेली एक काच घेऊन आल्या. कापड सोडलं. काकांचं नाव, सुरेख कोरलेलं.

"आमच्याच कारखान्यात टाकलीस रे बाबा करायला. कोरणाऱ्याने मुकादमाला दाखवली, मुकादमाने घरी आणून मला दाखवली. त्याला वाटलं, मीच सांगितलीय." त्यांनी पाटी उजेडाकडे धरली. "अक्षर छान आलंय. कोपऱ्यात बुडबुडा राहिलाय एक. हे असते तर नापास केली असती."

दादाचं तोंड इतकं पडलं, की एरवी वहिनीला हसू आलं असतं. "मला वाटलं, गावात सगळ्यात चांगलं काम तिथेच होतं," तो पुटपुटला.

"ते खरंच आहे," काकू म्हणाल्या.

"ताई, मला यातलं काही माहीत नव्हतं," आई म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"असू द्या हो. मी रागावले नाही." काकू परत खुर्चीत बसल्या, पाटी मांडीवर घेऊन. बोटाने एकेक अक्षर चाचपत राहिल्या. त्यांना पहिला गुरुवार आठवत होता. दारात नव्या फ्रॉकमधली पोर, घाबरलेली, पाठ केलेली वाक्यं म्हणणारी. ती गेल्यावर हे म्हणाले होते, पोरगी पाठवतायत म्हणजे पैसे हवेत. आणि आपण म्हणालो होतो, मग देऊ या. म्हणजे पुन्हा पाठवतील.

ते त्यांनी आता जसंच्या तसं, मोठ्याने सांगितलं.

"दरवर्षी देत आले ते यासाठी," त्या म्हणाल्या. "तुमचं काम चांगलं आहे, ते नंतर कळायला लागलं. आधी हीच. दर वर्षी वाटायचं, या खेपेला नाही दिले तर गुरुवारी बेल वाजेल का? बघायची हिंमत झाली नाही कधी."

"वाजली असती," चिमणी म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"ते मला कसं कळणार होतं, बाळ? आणि तुला तरी?"

हाच प्रश्न घेऊन चिमणी कित्येक वर्षं या घरातून परत जात होती.

"म्हणून मी कारखाना सोडला," काकू म्हणाल्या. "सह्या झाल्या. आता पुतण्या आणि कामगारांची समिती, दोघं मिळून चालवतील. देणग्यांचंही तेच ठरवतील. तुम्ही त्यांच्याकडे अर्ज करा, बाकीचे करतात तसा. मी शब्द टाकणार नाही, आड येणार नाही. माझ्यापुरतं हे घर आहे आणि दोन वेळचं आहे. आडातच काही नाही, तेव्हा पोहऱ्यात शोधू नका."

आई खुर्चीत पुढे सरकली. "मग आता आम्ही तुमच्यासाठी काय करायचं, ताई?" तिने विचारलं, आणि विचारताना तिलाच जाणवलं की हे वाक्यही उजळणीतलंच आहे.

"काही नाही," काकू म्हणाल्या. "तेच तर हवं होतं."

निघताना त्या दारापर्यंत आल्या. चिमणीला जवळ घेतलं, सोडलं. ये, असं म्हणाल्या नाहीत.

*

परतीच्या वाटेवर दादाच आधी सावरला. तो तसाच होता. पडायचा पटकन, उठायचाही पटकन. "पुतण्याला गाठायला हवं. कारखान्यात भेटतो तो गुरुवारी. चिमणी, तू ओळखतेस ना त्याला? गुरुवारी तू—"

"गुरुवारी मला जमणार नाही."

"अगं, जागेचा प्रश्न आहे."

"मी जाते," वहिनी म्हणाली.

दादाने आरशात पाहिलं. "तू? तुला कुठे बोलता येतं?"

"मला ऐकता येतं. समितीला बाबांच्या आवाजातलं एक पान ऐकवीन, गोधड्यांची खोली दाखवीन, आणि मग गप्प बसेन. तुझ्यापेक्षा जास्त वेळ बसता येईल मला." तिने जरा थांबून पुढे जोडलं, "आणि पाटी नेणार नाही."

चिमणीला हसू फुटलं. रडता रडताच. दादाही शेवटी हसला, कानाची पाळी खाजवत. आई मात्र पुढच्या काचेतून बघत होती. रस्त्यावरचा उजेड अगदी सरळ पडला होता, साधा, बिनरंगाचा. तिला तो ओळखीचा वाटेना.

*

गुरुवारी उजळणी झाली नाही. आई स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. वहिनी आपलं यंत्र पिशवीत घालून कारखान्याकडे निघाली, आणि चिमणी दुसऱ्या दिशेला.

काकूंच्या पायऱ्यांवर ती थांबली. हात बेलपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. आता आत जायला कोणतंच कारण नव्हतं, आणि ते नसताना आपल्याला जावंसं वाटतंय का, हे तिला पहिल्यांदाच स्वतःला विचारावं लागत होतं. भीती वाटत होती. समजा, जावंसं नाहीच वाटलं तर? समजा, आत गेल्यावर दोघींकडे बोलायला काहीच नसलं तर?

दुपार सुस्त होती. दारावरच्या वाहावलेल्या हिरव्या काचेत तिचा चेहरा लांबट, वितळल्यासारखा दिसत होता, आणि कसा कोण जाणे, त्यात तिला दोन वेण्या दिसल्या. तिने बेल वाजवली.

काकू दाराच्या मागेच असाव्यात. दार लगेच उघडलं. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या, दोन पाहुण्या चुकून एकाच दारात भेटाव्यात तशा. मग काकू म्हणाल्या, "चल, गंमत दाखवते."

दिवाणखान्यातल्या एका खिडकीचं तडकलेलं तावदान काढून तिथे दादाची पाटी बसवली होती. बुडबुड्यासकट. "नापास झालेलं सगळं या घरातच येतं," काकू म्हणाल्या. उन्हाने काकांचं नाव उचलून जमिनीवर ठेवलं होतं, पुसट, थोडं तिरकं, हिरव्या आणि पिवळ्याच्या मधोमध.

चिमणीने चपला काढल्या, चष्मा काढला आणि त्या अक्षरांशेजारी जमिनीवर उताणी पडली. काकू काकांच्या आरामखुर्चीत बसल्या. कोणी काही बोललं नाही, आणि या वेळी आधी कोणी बोलायचं हा प्रश्नच नव्हता. अक्षरं सरकत सरकत तिच्या मनगटावर आली. तिला कधीतरी डोळा लागला. जागी झाली तेव्हा अंगावर काकूंची शाल होती, नाव भिंतीवर चढलं होतं, आणि खुर्चीत काकूही तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या. त्यांना न उठवता ती चहा ठेवायला आत गेली.

घरी पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. वहिनी आधीच आली होती. समितीने पान शेवटपर्यंत ऐकलं, पुढच्या आठवड्यात खोल्या बघायला येणार, होय-नाही काही नाही, असं ती दादाला सांगत होती आणि दादा न राहवून मध्ये मध्ये तोंड घालत होता.

आई दारात उभी होती. नेहमीच्या जागी.

चिमणी पायरीवर थांबली. आईच्या ओठांवर तो प्रश्न आला, हे तिला दिसलं. लहानपणापासून ऐकलेला, घासून गुळगुळीत झालेला. तिने उत्तराची तयारीही केली; काही नाही म्हणाल्या, झोपल्या होत्या.

आईने तोंड उघडलं, मिटलं. पदराने उगाच हात पुसले. लेकीच्या केसांत जमिनीवरची धूळ होती, गालावर झोपेची घडी उमटली होती. ती घडी आई बघत राहिली.

"मजा आली का?" तिने विचारलं.